शेंग मुळाला लागते का?

सोलापुरातल्या आमच्या गल्लीत रविवारी सकाळी सात-आठ मुलं जमतात. एका रविवारी डबा उघडला तर आत शेंगा चटणी, म्हणजे शेंगदाण्याची चटणी होती. मी सहज विचारलं, "शेंग झाडाला कुठं लागते?" एका मुलीच्या घरी तेलुगू बोलतात. तिनं ठामपणे सांगितलं, "मुळाला. माझी आजी वेरुशेनगा म्हणते, वेरु म्हणजे मूळ." कन्नड बोलणाऱ्या घरातला मुलगा म्हणाला, "नेलगडले! नेल म्हणजे जमीन. जमिनीत लागते, मुळाला कशाला?" मराठी मुलांनी भुईमुगातली भुई पुढं केली. एकाला मात्र खात्री होती की शेंगा वाटाण्यासारख्या फांदीला लटकतात. रोज ही चटणी खाणाऱ्या त्या मुलांपैकी एकानंही भुईमुगाचा वेल उपटलेला पाहिला नव्हता. उत्तर मला ठाऊक होतं, पण मी ते सांगितलं नाही. आम्ही बादलीत दाणे पेरले आणि चार महिने वाट पाहिली.

"मुलांना विज्ञान शिकवायचंय, पण सुरुवात कुठून करू?" असं मला आई-वडील विचारतात, बालवाडीच्या ताई विचारतात, सुट्टीत नातवंडं सांभाळणारे आजोबा विचारतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. प्रयोगशाळा लागत नाही. परात, तवा, दोन-तीन काचेचे पेले, थोडी काळी माती आणि आठवड्यातला एक तास एवढ्यावर वर्षभर काम चालतं. मुलं सहा ते बारा वर्षांची असली तर उत्तम. पाच-सहा जणांपेक्षा जास्त असतील तर जोडीला आणखी एक मोठं माणूस घ्या.

पहिलं काम: एकच जिन्नस निवडणं

अख्ख्या ताटाचं विज्ञान एका दिवसात सांगायला जाऊ नका. वरण, भात, भाजी, लोणचं सगळ्यांतली प्रथिनं आणि जीवनसत्त्वं मोजून दाखवली की मुलं माना डोलवतात आणि घरी जाऊन विसरतात. ताटातला एक जिन्नस धरायचा आणि त्याच्या मागं मागं चालत जायचं: ताटातून तव्यावर, तव्यावरून गिरणीत, गिरणीतून मंडईत, मंडईतून रानात आणि रानातून मातीत. या वाटेवर जीवशास्त्र, रसायन, भूगोल, हवामान सगळं आपोआप भेटतं.

निवडताना तीन गोष्टी बघते. जिन्नस आपल्या आसपास पिकणारा हवा, म्हणजे कधीतरी रानात जाऊन बघता येईल. तो कच्च्या, सालीसकट रूपात बाजारात मिळायला हवा. आणि स्वयंपाकघरात मुलांच्या डोळ्यांदेखत त्याचं रूप पालटायला हवं. सोलापुरात या तिन्हींत ज्वारी आणि शेंगदाणा बसतात, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करा. चहा आणि हिंग नंतर घ्या. ते मुलांना आवडतात, पण त्यांचं झाड दाखवता येत नाही.

मुलं येण्याआधी

सगळ्यात आधी प्रत्येक घरी विचारून घ्या, मुलाला कशाची ॲलर्जी आहे का. शेंगदाण्याची ॲलर्जी फार गंभीर असू शकते. एका मुलाच्या ओठांना खाज सुटलेली पाहिल्यापासून मी हा प्रश्न विचारल्याशिवाय एक दाणाही वाटत नाही. पाच वर्षांच्या आतल्या भावंडांना अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात. गरम पाणी, तवा आणि विळी मोठ्यांच्याच हातात.

सामान थोडंच लागतं: एक भिंग, वह्या, जुनी वर्तमानपत्रं आणि मेडिकलमध्ये मिळणारं जखमेवर लावायचं पोव्हिडोन आयोडीन. त्याचे काही थेंब पाण्यात टाकून कोऱ्या चहासारखा रंग करून ठेवा. ज्या पदार्थावर आयोडीन टाकलं तो खायचा नाही, हा नियम दर वेळी मोठ्यानं सांगा. कपड्यांवर डाग पडतात, म्हणून जुने कपडे घालून यायला सांगा.

आणखी एक गोष्ट, जी मला सामानापेक्षाही महत्त्वाची वाटते. आपल्या शहरात विडी वळणाऱ्या, मागावर काम करणाऱ्या घरांतली मुलं आहेत, नोकरदारांचीही आहेत. "उद्या घरून तूप, काजू, बदाम आणा" असं कधी म्हणू नका. कोणी काय खातं, कोण मांसाहार करतं, कोणाच्या डब्यात रोज तेच असतं, यावर शेरा नको. पीठ-दाणे तुम्हीच आणा, मूठभर आणा, आणि प्रयोगाबाहेरचं धान्य वाया घालवू नका. ज्या घरी महिन्याचं धान्य मोजून येतं, तिथल्या मुलाला परातभर पीठ फेकलेलं दिसता कामा नये.

आधी अंदाज, मग बघणं

दर वेळी क्रम एकच ठेवा. वस्तू मुलांच्या हातात द्या, प्रश्न विचारा, प्रत्येकाचा अंदाज नावासकट वहीत लिहून घ्या आणि त्यानंतरच बघायला सुरुवात करा. अंदाज लिहिला की मूल त्यात गुंतून जातं. चुकलेला अंदाज खोडू द्यायचा नाही, त्याच्या शेजारी जे दिसलं ते तारीख घालून लिहायचं. आमच्या वहीत "मुळाला", "जमिनीत", "फांदीला" हे तिन्ही अंदाज अजून तसेच आहेत.

मुलांनी असं काही विचारलं की ज्याचं उत्तर तुम्हाला येत नाही, तर सरळ सांगा, "मला माहीत नाही. कसं शोधता येईल?" नवी मंडळी इथंच घाबरतात. घाबरू नका. त्या प्रश्नावर मोबाइलमध्ये लगेच उत्तर शोधण्याऐवजी, घरात करून बघता येण्यासारखं काही आहे का ते आधी विचारा.

शेंगदाणा

पहिल्या दिवशी रात्रभर भिजवलेले कच्चे दाणे घ्या. गुलाबी साल काढून दाण्याच्या दोन पाकळ्या हळूच अलग करायला सांगा. टोकाशी भिंगातून बघितलं की चिमुकलं रोप दिसतं: इवलाशी पानं आणि खाली मुळाचं टोक. दोन्ही पाकळ्या म्हणजे त्या रोपाची शिदोरी. पहिली पानं उन्हात काम करू लागेपर्यंत रोप त्यावरच जगतं.

मग दोन कुंड्या घ्या. एकीत कच्चे दाणे पेरा, दुसरीत भाजलेले. "दोन्ही उगवतील का?" यावर मुलांचं भांडण होऊ द्या. आठ-दहा दिवसांत उत्तर मिळतं आणि दाणा भाजताना त्याच्यातलं काय मरतं, हा पुढचा प्रश्न मुलं स्वतःहून विचारतात.

बादलीत पेरायचं असेल तर खाली भोकं पाडा आणि माती भुसभुशीत ठेवा. भारी काळ्या मातीत थोडी वाळू आणि शेणखत मिसळा. शक्य असल्यास भुईमूग किंवा तूर घेतलेल्या रानातली ओंजळभर माती घाला, का ते पुढं सांगते. महिनाभरात पिवळी फुलं येतात. फुलं कोमेजल्यावर खरी गंमत सुरू होते. फुलाच्या बुडापासून एक दोऱ्यासारखा देठ निघतो आणि वर जायचं सोडून खाली, मातीकडे वाढतो. शेतकरी याला आऱ्या म्हणतात. आरी मातीत घुसते आणि तिच्या टोकाला अंधारात शेंग भरते. म्हणजे शेंग मुळाला लागत नाही आणि फांदीला लटकतही नाही. फुलानंच जमिनीत जाऊन धरलेलं ते फळ असतं. एका आरीखाली प्लास्टिकचं झाकण सरकवून ठेवा, तिला मातीत जाऊ देऊ नका. तिची शेंग धरत नाही. सगळ्या वर्षात मुलांना सर्वांत जास्त आवडलेला प्रयोग हाच.

वेल उपटलात की मुळं पाण्यात हळूच धुवा. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी दिसतील. नखानं एक गाठ फोडा. आतून गुलाबी-लाल दिसली तर गाठ कामाला लागलेली आहे. त्यात रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. ते हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल अशा रूपात आणतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. लाल रंग येतो तो आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातल्या एका प्रथिनामुळे. ताज्या विकतच्या कुंडीमातीत हे जिवाणू बहुधा नसतात, म्हणून रानातली माती हवी.

आता चटणीकडे या. दाण्याच्या वजनात जवळपास निम्मं तेल असतं. भाजलेले दाणे एकदा मिक्सरमध्ये क्षणभर फिरवा आणि एकदा खलबत्त्यात कुटा. मिक्सरमध्ये भुगा होतो. खलबत्त्यात आधी भुगा होतो, मग तो ओलसर होतो आणि कुटत राहिलं की तेल सुटून गोळा धरू लागतो. तेल दाण्याच्या पेशींमध्ये बंद असतं. मुसळाच्या घावानं आणि घासण्यानं पेशी फुटतात. कुटलेला दाणा कागदावर चोळून कागद उजेडात धरा, पारदर्शक डाग दिसेल. तोच कागदाचा प्रयोग ज्वारीच्या पिठावर करा, डाग पडत नाही. तेवढ्यावर मुलं घरातला एकूण एक जिन्नस कागदावर चोळून बघतात. बघू द्या.

ज्वारी

शेंगदाण्यावर तीन-चार रविवार गेले की ज्वारीकडे वळा. सोलापूरच्या मुलांना ज्वारी ठाऊक असते, पण भाकरी करणं अवघड आणि पोळी करणं सोपं का, हे कोणी विचारलेलं नसतं. तेच विचारा.

गव्हाच्या कणकेचा एक लिंबाएवढा गोळा आणि ज्वारीच्या पिठाचा तेवढाच गोळा, दोन्ही गार पाण्यात मळा. वीस मिनिटं झाकून ठेवा. मग वेगवेगळ्या वाडग्यांत पाणी घेऊन मुलांना गोळे हलक्या हातानं धुवायला सांगा. ज्वारीचा गोळा विरघळल्यासारखा होतो, पाणी दुधासारखं पांढरं होतं आणि हातात जवळजवळ काही उरत नाही. गव्हाचं पाणीही पांढरं होतं, पण हातात रबरासारखा, ताणला की लांबणारा एक गोळा राहतो. तेच ग्लूटेन. पोळी लाटता येते ती त्याच्या जिवावर. ज्वारीत ते नाही, म्हणून भाकरी थापावी लागते आणि कडा चिरतात. दोन्ही वाडग्यांच्या तळाशी बसलेल्या पांढऱ्या साक्यावर आयोडीनचा थेंब टाका. निळा-काळा रंग आला की तो स्टार्च, म्हणजे पिष्ट.

मग आई भाकरीला आधणाचं पाणी का घेते, ते दाखवा. एक गोळा गार पाण्यात, एक गरम पाण्यात, आणि थापून बघू द्या. गरम पाण्यात स्टार्चचे कण फुगतात, पाणी पितात आणि चिकट होतात. ग्लूटेनचं काम काही अंशी हा चिकटपणा करतो. पीठ ताजं दळलेलं घ्या, विरी गेलेल्या पिठाची भाकरी मोठ्यांच्याही हातून मोडते. भाकरी तव्यावर टम्म फुगली की विचारा, आत काय भरलं? वाफ. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटींहून जास्त जागा मागते.

एक तुकडा प्रत्येकाला द्या आणि न गिळता मिनिटभर चावायला सांगा. हळूहळू गोडसर चव येते. लाळेतलं अमायलेज नावाचं पाचक द्रव्य स्टार्च तोडून त्याची साखर करायला लागलेलं असतं. कोणाला चव आलीच नाही तर तेही लिहा.

कडक भाकरी आपल्याच गावची, तिला विसरू नका. एका काचेच्या बरणीत मऊ भाकरीचा तुकडा, दुसरीत कडक भाकरीचा. झाकणं घट्ट लावा आणि रोज बाहेरूनच बघा. मऊ भाकरीवर काही दिवसांत बुरशी दिसते. कडक भाकरीतलं पाणी तव्यावरच उडून गेलेलं असतं आणि पाण्यावाचून बुरशीला वाढता येत नाही. बुरशीची बरणी उघडू नका, तशीच टाकून द्या.

मातीचा भाग सोडू नका, कारण सोलापूर जिल्ह्याची गोष्ट तिथं आहे. वर्षाला सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात, तेव्हा पावसाळा संपत आलेला असतो. तरी फेब्रुवारीत कणसं भरतात. "शाळू दवावर पिकतो" असं म्हणतात. मुलांना विचारा, दवाच्या थेंबांवर पुरुषभर उंच झाड जगेल का? दोन बाटल्यांचे बूड कापून त्या उलट्या लटकवा, तोंडाला फडकं बांधा. एकीत वाळू, दुसरीत बारीक केलेली कोरडी काळी माती, दोन्ही सारख्याच वजनाच्या. सारखंच पाणी ओता आणि खाली किती ठिबकतं ते मोजा. वाळू बरंचसं पाणी सोडते, काळी माती धरून ठेवते. शाळूची मुळं मीटरभर आणि त्याहूनही खोल जाऊन हीच साठवलेली ओल शोषतात. तीच माती सुकवली की तडे पडतात, उन्हाळ्यात रानात पडतात तसे. ही माती सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या खडकापासून झाली आहे, हे ऐकताना मुलं आपल्या हातातल्या ढेकळाकडे वेगळ्या नजरेनं बघतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते त्या मातीशी आणि हवामानाशी असलेल्या नात्यामुळे.

एक सावधगिरी: ज्वारी उगवून दाखवा, पण उगवलेले कोंब कोणी खायचे नाहीत. ज्वारीच्या कोवळ्या रोपात सायनाइड सोडणारं द्रव्य असतं. कोवळं किराळ खाऊन जनावरं दगावतात, हे शेतकऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. पिकलेल्या दाण्याच्या भाकरीला मात्र हा धोका नाही.

डाळिंब, थोडक्यात

डाळिंबाचा मुकुट म्हणजे फुलाची उरलेली निदलं (पाकळ्यांच्या बाहेरची पानं), आणि आपण खातो तो रसाळ भाग म्हणजे बीच्या वरचं आवरण. एवढं फळ कापून दिसतं. पण बागायतदार भेटला तर "ताण" म्हणजे काय ते त्याच्याकडूनच ऐकवा. झाडाचं पाणी काही आठवडे तोडतात, पानं गळतात, मग पाणी दिलं की झाड एकदम फुलावर येतं. मृग, हस्त आणि आंबे हे तीन बहार, म्हणजे फुलोऱ्याचे हंगाम, असेच धरले जातात. सोलापूर शहराजवळ केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. शाळेमार्फत आधी पत्र देऊन भेटीची परवानगी मागा.

मसाल्याचा डबा आणि जगाचा नकाशा

दोन पिकं झाल्यावर भिंतीवर जगाचा नकाशा लावा आणि शेंगा चटणीतल्या प्रत्येक जिन्नसाचं मूळ गाव शोधा. मुलांना धक्का बसतो. शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. मिरचीही अमेरिका खंडातली. ती पोर्तुगिजांबरोबर इकडं आली, म्हणजे पाचशे-सव्वापाचशे वर्षांच्या अलीकडची गोष्ट. ज्वारी ईशान्य आफ्रिकेतली, पण ती हजारो वर्षांपूर्वीच आपल्याकडं पोहोचली. "मग मिरची नव्हती तेव्हा तिखट काय होतं?" हा प्रश्न हमखास येतो. मिरे आणि आलं समोर ठेवा, चाखू द्या.

मिरची कापून दाखवायची असेल तर तुम्हीच कापा आणि आतला पांढरट भाग दाखवा. तिखटपणा बियांपेक्षा तिथं जास्त असतो. तो पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतो, म्हणून तोंड भाजलं की पाण्यापेक्षा दूध-दह्यानं आराम पडतो. हळदीचं पाणी करून कागदाच्या पट्ट्या रंगवा आणि वाळवा. साबणाचं पाणी लावलं की पट्टी लाल, वर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. कपड्यावरचा वरणाचा डाग साबण लावताच लाल का होतो, ते मुलं घरी जाऊन आईला समजावतात. हिंगाच्या डबीवरचं लेबल वाचायला लावा: आत पीठ आणि डिंकही असतो. शुद्ध हिंग हा इराण-अफगाणिस्तानकडच्या एका झाडाच्या मुळातला चीक. भारतात त्याची लागवड करण्याचा प्रयत्न २०२० साली हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात सुरू झाला.

रानात नेताना

डिसेंबर-जानेवारीत न्या, सकाळी लवकर. शेतकऱ्याला आधी विचारा, औषध फवारलेलं रान असेल तर त्या दिवशी जाऊ नका. हुरड्याचे दिवस असतील तर उत्तमच. आगटीवर भाजून चोळलेला हुरडा गोड का आणि महिन्यानं तोच दाणा पिठूळ का, हे एकाच कणसातल्या दाण्यावर कळतं: कोवळ्या दाण्यात साखर असते, पुढं तिचा स्टार्च होतो. काही कोवळे दाणे घरी आणून, त्यांच्याजवळ जुने वाळलेले दाणे फोडून ठेवा आणि दोन्हींवर आयोडीन टाकून रंगाची तुलना करा. परतताना कडब्याची एक पेंडी मागून आणा, गाय काय खाते आणि आपण काय खातो यावर पुढचा रविवार जातो.

यंदा सुरुवात करणार असाल तर जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाल्यावर बादलीत कच्चे दाणे पेरा. नागपंचमीच्या सुमाराला आऱ्या दिसायला लागतील. वेल दसऱ्याच्या आसपास उपटा, मुलं सगळी हजर असतील त्याच दिवशी, आणि वही शोधून जुने अंदाज आधी मोठ्यानं वाचायला सांगा.